सुरण फुलतो तेव्हा

मे महिन्याच्या अखेरीस वळवाची एखादी सर पडून गेली, की मिरा रोड किंवा भाईंदरमधल्या एखाद्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत, मातीतून एक जाडजूड जांभळट कोंब वर येतो. त्या जागी काही लावल्याचं कुणाला आठवत नसतं. आजूबाजूला पान नाही, फांदी नाही, वेल नाही. काही दिवसांत कोंब उलगडतो आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली एक पसरट घंटा उघडते. तिची कड झालरीसारखी मुडपलेली, बाहेरून फिकट हिरवी, त्यावर पांढरे ठिपके, आतून गर्द तपकिरी. मधोमध सुरकुत्या पडलेला, काळपट जांभळा गोळा. संध्याकाळ झाली की वास सुटतो. मेलेल्या उंदराचाच वास. वॉचमन गटाराची झाकणं उचलून बघतो, तळमजल्यावरची मंडळी खिडक्या लावून घेतात, आणि शेवटी कुणाचं तरी लक्ष त्या घंटेकडे जातं.

मग तर्क सुरू होतात. कुणाला ती विषारी बुरशी वाटते, कुणाला एखादं मांसाहारी झाड. मुलांना हात लावू नका म्हणून बजावलं जातं. माळ्याला बोलावलं जातं, फावडं चालतं आणि प्रश्न मिटतो. उकरताना मातीतून चांगला तीन-चार किलोचा कंद निघतो आणि तोही कचऱ्याच्या गाडीत जातो. त्याच कंदाच्या फोडी बाजारात वजनावर विकत घेणाऱ्या माणसालाही आपण सुरण फेकला हे कळत नाही. ह्या प्रकरणाचा हेतू एवढाच, की पुढच्या वेळी ते कळावं.

न कळण्यात माणसांचा दोष फार नाही. आपण सुरण पाहतो तो भाजीवाल्याकडे: मातकट, खडबडीत, गोल चकतीसारखा कंद, सुरीने कापलेली एक बाजू नारिंगी-गुलाबी. त्याचं पान कसं असतं हे शहरात वाढलेल्या माणसाने पाहिलेलं नसतं. पान पाहिलेल्यानेही फूल पाहिलेलं असेलच असं नाही, कारण सुरणाला पान आणि फूल सहसा एकाच वेळी नसतं. तीन अवस्था आणि तीन रूपं, एकाचं दुसऱ्याशी काहीच साम्य नाही. खाण्याच्या झाडांमध्ये इतकं रूप बदलणारं दुसरं झाड मला तरी माहीत नाही.

सोसायटीत तो येतो कसा, हे कोडं सोपं आहे. कंदाच्या माथ्यावर मधोमध एक खळगा असतो आणि त्या खळग्यात कोंब, म्हणजे डोळा. भाजी चिरताना हा भाग कडक आणि मातीने भरलेला म्हणून आपण कापून टाकतो. तो तुकडा ओल्या कचऱ्यातून बागेतल्या खताच्या खड्ड्यात गेला, की पहिल्या पावसात त्याला पान फुटतं. पहिल्या वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी हातभर. लोक त्याला पपईचं रोप समजतात किंवा कुठलं तरी शोभेचं झाड. दिवाळीनंतर ते पिवळं पडून कोसळतं, तेव्हा झाड मेलं असं सगळे धरून चालतात. जमिनीखाली मात्र कंद दरवर्षी मोठा होत असतो. तीन-चार वर्षांनी तो पुरेसा भरला, की एका उन्हाळ्यात पानाऐवजी फूल वर येतं.

पानाबद्दल आधी सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो. सुरणाचं झाड म्हणून आपण जे पाहतो, ते झाड नसतं, ते एकच पान असतं. जो खोडासारखा उभा, माणसाच्या छातीपर्यंत येणारा दांडा दिसतो, तो पानाचा देठ. वर छत्रीसारखा जो पसारा दिसतो, ते त्या पानाचं पातं. ते तीन भागांत फाटतं, प्रत्येक भाग पुन्हा फाटतो आणि शेवटी डझनावारी लहान पानं असल्याचा भास होतो. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंदच. म्हणून सुरणाच्या पानाचा देठ चुकून मोडला, तर त्या हंगामाची कमाई जवळजवळ संपली. मोठ्या कंदाला कधी दुसरं पान फुटतं, पण ते पहिल्याइतकं जोमदार नसतं.

ह्या देठाकडे एकदा जवळ बसून बघावं. हिरव्या रंगावर पांढरट, राखाडी डागांची नक्षी असते. हात फिरवला तर बारीक काटेरी खरखर लागते. पावसाळ्यात जुन्या आंब्याच्या खोडावर दगडफूल चढतं, ते डाग आठवतील. ह्या कुळाचा अभ्यास करणाऱ्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते ही नक्कल उगाच नाही. आतून पाण्याने भरलेला, मऊ, एका धक्क्यात मोडणारा हा देठ बाहेरून जुन्या टणक खोडाचा आव आणतो. जनावरं त्याला अंग घासत नाहीत, चावायला जात नाहीत. कल्पना पटण्यासारखी आहे, कारण एकाच पानावर वर्षाची सगळी भिस्त असलेल्या झाडाला असं संरक्षण हवंच.

सुरण अळूच्या कुळातला. शास्त्रीय भाषेत हे अ‍ॅरेसी कुळ. मिरा रोडच्या बाल्कन्यांमधून वर चढलेला मनी प्लांट, लॉबीतल्या कुंडीत ठेवलेला मॉन्स्टेरा, पुष्पगुच्छातलं लाल अँथुरियम, हे सगळे त्याचे नातलग. अँथुरियमचं फूल डोळ्यांसमोर आणलं तर सुरणाची रचना लगेच उमगते. अँथुरियमचा जो लाल चकचकीत भाग आपण पाकळी म्हणतो, ती पाकळी नसून फुलोऱ्याला आधार देणारं एक रंगीत पान, म्हणजे महाछद आहे. त्यातून वर आलेल्या दांड्यावर बारीक बारीक खरी फुलं दाटीने बसलेली असतात. सुरणाची घंटा म्हणजे हाच महाछद आणि मधला गोळा हे त्या दांड्याचं टोक. हा गोळा वांझ असतो, त्यावर एकही फूल नसतं. खरी फुलं खाली, घंटेच्या तळाशी दडलेली असतात: सगळ्यांत खाली मादी फुलांचा पट्टा, त्याच्या वर नर फुलांचा. म्हणजे लोक ज्याला एक फूल समजून घाबरतात, ती शेकडो फुलांची वसाहत असते.

आता वासाकडे वळू. घंटा उघडते त्या पहिल्या संध्याकाळी मादी फुलं तयार असतात, नर फुलं अजून बंद. त्याच संध्याकाळी वरचा गोळा तापू लागतो. खरोखरच तापतो, हात जवळ नेला तर आजूबाजूच्या हवेपेक्षा ऊब जास्त आहे हे कळतं. कंदात वर्षानुवर्षं साठवलेलं पिठूळ अन्न पेशींमध्ये भराभर जळतं आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. ह्या उष्णतेने वासाची द्रव्यं उडतात आणि दूरवर पोचतात. ती द्रव्यं मुख्यतः गंधकयुक्त आहेत: डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. मांस कुजतं तेव्हाही हीच द्रव्यं सुटतात. त्यामुळे आपल्या नाकाची काही चूक होत नाही, वास खरोखर कुजक्या मांसाचाच असतो.

तो ज्यांच्यासाठी असतो ते बरोबर येतात. मेलेल्या प्राण्यांवर आणि शेणावर जगणारे भुंगेरे, माश्या संध्याकाळच्या अंधारात वासाचा माग काढत घंटेत उतरतात. गर्द तपकिरी रंग, ऊब, वास, सगळं खऱ्या मृत जनावराचं. आत खायला मात्र मांस नसतं. आधी दुसऱ्या एखाद्या सुरणाच्या फुलात जाऊन आलेला भुंगेरा असेल, तर त्याच्या अंगावरचे पराग मादी फुलांवर पडतात. दुसऱ्या दिवशी मादी फुलांचा काळ संपलेला असतो. तेव्हा नर फुलं पराग सोडतात आणि भुंगेरे ते अंगावर घेऊन निघून जातात. स्वतःचेच पराग स्वतःवर पडू नयेत म्हणून ही वेळेची आखणी. दोन दिवसांत काम झालं, की वास जवळजवळ संपतो, घंटा मलूल होते आणि गोळा आडवा पडतो. सोसायटीच्या समितीने ह्या विषयावर बैठक बोलावून ती भरेपर्यंत वास गेलेलाही असतो.

अळूच्या कुळातली ही ऊब माणसाच्या लक्षात येऊन बराच काळ झाला. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क ह्याने 1778 मध्ये युरोपातल्या एका लहान नातलगाच्या फुलोऱ्यात ती नोंदवली. ती ऊब कोणत्या संकेताने सुरू होते, हे कळायला आणखी दोन शतकं गेली. 1987 मध्ये सुरणाच्याच एका जवळच्या नातलगावर, सॉरोमॅटम नावाच्या वनस्पतीवर प्रयोग करताना शास्त्रज्ञांना आढळलं, की फुलायच्या आदल्या दिवशी नर फुलांमधून सॅलिसिलिक आम्ल तयार होऊन वरच्या टोकाला पोचतं आणि तापणं सुरू होतं. ह्याच आम्लापासून ॲस्पिरिन बनतं. आपण ताप उतरवायला जे घेतो, त्याचं मूळ द्रव्य ह्या फुलाला ताप चढवतं.

सुरणाच्या वंशात, म्हणजे अमॉर्फोफॅलस ह्या प्रजातीत, जगभरात दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध सुमात्रा बेटावरची टायटन आरम. ओदोआर्दो बेक्कारी ह्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 मध्ये तिची नोंद केली, आणि 1889 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात ती पहिल्यांदा लागवडीत फुलली. दोन-तीन मीटर उंच फुलोरा, वास तोच. आजही युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या वनस्पती उद्यानात ती फुलणार असली की बातम्या छापून येतात, रात्री उशिरापर्यंत दारं उघडी ठेवतात, तो कुजका वास घेण्यासाठी लोक मुलाबाळांसह रांगा लावतात. आपल्या भिंतीलगत फुललेला सुरण हा तिचाच धाकटा भाऊ आहे. त्याच्यासाठी तिकीट नको, पण निदान दोन दिवस शेजाऱ्यांची मुलं बोलावून त्याला दाखवण्याइतकं तरी त्याचं मोल आहे.

आपल्या मातीतल्या जातीही कमी नाहीत. 1994 मध्ये शिवाजी विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव ह्यांनी सहकाऱ्यांसोबत ह्याच वंशातली एक नवी जात जगासमोर आणली. तिच्या नावात कोकण आहे: अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस. सुरणाची स्वतःची नोंद तर त्याहून फार जुनी. मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड ह्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 ह्या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापून घेतला, त्यात सुरणाचं चित्र आहे. ह्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन ह्या मलयाळी वैद्यासोबत कोचीचे तीन कोंकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. 1675 मध्ये त्यांनी दिलेलं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. पुढे 1818 मध्ये डेनस्टेट ह्या जर्मन अभ्यासकाने त्याच ग्रंथातल्या चित्राच्या आधारे सुरणाला जे जातिनाम दिलं, ते आजही चालतं. सुरणाचं आजचं शास्त्रीय नाव, अमॉर्फोफॅलस पिओनीफोलियस, असं ह्या वैद्यांच्या कामाशी जोडलेलं आहे.

मिरा-भाईंदरचा विषय निघालाच आहे, तर सुरणाच्या रानटी भावाबद्दल बोलायलाच हवं. 2002 मध्ये महानगरपालिका झालेल्या ह्या शहराची एक बाजू उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ह्या गावांकडे म्हणजे समुद्राकडे, आणि दुसरी काशी, चेणे, घोडबंदरकडे म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे. त्या डोंगरांत आणि पुढे वसई-पालघरच्या रानांत, पहिला पाऊस पडायच्या आधी-नंतर, शेवळं उगवतात. शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. ती भारताबाहेर कुठेच रानात उगवत नाही. तिचा फुलोरा सुरणासारखा बसका नसतो, सडपातळ आणि टोकदार असतो. न उमललेला फुलोरा मातीतून वर आला, की आदिवासी बाया तो खुडून जुड्या बांधतात आणि ठाणे, वसई, विरारपासून दादरपर्यंतच्या बाजारात आणतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन आठवडे. सीकेपी, पाठारे प्रभू, पाचकळशी घरांतून ह्या दिवसांची वाट पाहिली जाते.

शेवळ निवडणं हे निगुतीचं काम आहे. वरची दोन-तीन फिकट आवरणं सोलायची. आत तपकिरी-जांभळट मऊ पातं निघतं आणि त्याच्या पोटात दांडा. दांड्याच्या बुडाशी बोटाने चाचपलं, की एक रवाळ, पिवळसर भाग लागतो. तो कापून काढायचा. तो राहिला तर सगळी भाजी खाजते. उरलेला दांडा आणि आवरण बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं आणि आंबटात शिजवायचं. आता मघाची रचना आठवा. तो रवाळ पिवळा भाग म्हणजे खऱ्या फुलांचा पट्टा. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक न उघडता आपल्या आज्यांनी फुलोऱ्यातली नेमकी फुलं तेवढी बाजूला काढली आणि वांझ टोक आणि महाछद खाण्यासाठी ठेवला.

आंबटासाठी चिंच किंवा आमसूल चालतं, पण जुन्या रीतीने लागतात काकडं. काकड नावाच्या रानातल्या झाडाची ही हिरवी, आवळ्यापेक्षा लहान, आंबटढोण फळं शेवळांच्याच दिवसांत तयार होतात. म्हणून विकणारी बाई दोन्ही शेजारी शेजारी मांडते. “ताई, काकडं घेऊन जा बरोबर, नायतर घसा खाजंल,” असं ती सांगते, ते ऐकावं. काकडं वाफवून त्यांचा गर आणि पाणी भाजीत घालतात. मग त्यात कोलंबी, सोडे किंवा खिमा पडतो. शाकाहारी घरांत वाल किंवा चण्याची डाळ. पावसाने जोर धरला की शेवळाचं पान वर येतं आणि भाजीचा हंगाम संपतो. काही भागांत हे कोवळं पानही ‘लोत’ म्हणून शिजवून खातात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी: खुडलेल्या फुलोऱ्याला बी धरत नाही. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या वर्षी झाड पुन्हा येतं, पण नवी रोपं तयार होण्यासाठी काही फुलोरे रानात फुलायला हवेत. जुड्या घेताना हौसेपुरत्याच घ्याव्यात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून स्वतः खुडायला जाऊ नये; तिथून काहीही काढणं हा गुन्हा आहे.

ही खाज नेमकी कशाची? ह्या कुळातल्या बहुतेक वनस्पतींच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते सुट्टे नसतात, जुड्या करून खास पेशींत ठेवलेले असतात. कच्चा तुकडा चावला की पेशी फुटतात आणि ह्या सुया जिभेच्या, घशाच्या नाजूक कातडीत रुततात. सुयांसोबत काही प्रथिनंही त्या जखमेत जातात आणि आग वाढवतात असं मानलं जातं. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसतं उकडून खाज पुरती जात नाही; चांगलं शिजवल्याने प्रथिनं निकामी होतात, आणि चिंच, आमसूल, काकडं, ताक ह्यांतल्या आम्लाने सुयांचाही जोर कमी होतो. सुरण चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावायचं, ओल्या हाताने चिरायचा नाही, ही घरोघरची रीत अनुभवातून आलेली आहे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र सुरण बेतानेच खावा. ऑक्झलेट त्यांच्या वाट्याला जितकं कमी तितकं बरं.

लागवडीतल्या सुरणाची खाज निवडीमधून कमी होत आली आहे. आंध्र प्रदेशातल्या कोव्वूर इथे निवडलेला ‘गजेंद्र’ हा वाण आज देशभर लावला जातो, कारण तो खाजत नाही असं म्हणण्याइतका सौम्य आहे. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने, ही संस्था 1963 पासून कंदांवरच काम करते, ‘श्री पद्मा’ हा वाण दिला. बाजारातला गुळगुळीत, गरगरीत, आतून फिकट पिवळसर-नारिंगी सुरण बहुधा गजेंद्रच असतो. रानातला सुरण वेगळा. त्याची खाज इतकी कडक, की अनेक वेळा उकडून पाणी टाकल्याशिवाय तो तोंडात घालता येत नाही. आपल्या आवारात आपोआप उगवलेला सुरण बाजारातल्या तुकड्याचा आहे याची खात्री असेल तरच खावा. डोंगराच्या कडेला, रानाजवळ उगवलेला असेल तर त्याला बघूनच समाधान मानावं.

मिरा-भाईंदरसारख्या शहरात सुरणाच्या कंदाने किती स्वयंपाकघरं जोडलेली आहेत, हे पाहायचं असेल तर दिवाळीच्या आधीच्या दिवसांत भाजीबाजारात उभं राहावं. उत्तर प्रदेश, बिहारकडची मंडळी त्याला जिमीकंद किंवा ओल म्हणतात, आणि दिवाळीला त्यांच्याकडे तो हवाच असतो. त्याचा चोखा होतो, लोणचं होतं. गुजराती घरांत हिवाळ्यात उंधियूत पडतो. केरळी बाई ‘चेना’ मागते, तिला एरिश्शेरी करायची असते. बंगाली ओल मागतो. कोकणी माणूस तांदळाच्या पिठात घोळवून काप तळतो किंवा आमसूल घालून भाजी करतो, आणि उपासाच्या दिवशीही सुरण चालतो म्हणून तो एक किलो जास्त घेतो. ह्याच बाजारातलं जैन गिऱ्हाईक मात्र टोपलीकडे बघतही नाही. कंदमूळ त्यांना वर्ज्य. कंद उकरताना झाडाबरोबर मातीतले असंख्य जीवही मरतात, हे त्यामागचं कारण, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्याने ते समजून घ्यावं असं मला वाटतं.

आयुर्वेदात सुरण मूळव्याधीवरचा आहार म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात तंतू भरपूर असतात, त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते, इतकं तरी आजच्या आहारशास्त्रालाही मान्य व्हावं. त्यापलीकडचे दावे वैद्याला विचारूनच पाळावेत.

घरच्या बागेत सुरण लावणं अवघड नाही, एक गोष्ट सांभाळली तर: पाणी साचता कामा नये. अळू मोरीच्या सांडपाण्यावर माजतो, पण त्याचा हा भाऊ पाणी साचलेल्या जागी कुजतो. मिरा-भाईंदरचा बराचसा भाग खाजणांवर आणि मिठागरांवर भराव टाकून वसलेला. पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत टाचभर पाणी उभं राहिलेलं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा जागी थेट जमिनीत न लावता दीड-दोन फूट उंच वाफा करावा, किंवा तळाला भोकं पाडलेला मोठा ड्रम घ्यावा. उत्तन-डोंगरीच्या गावठाणात ज्यांच्या घरामागे अजून वाडी आहे, त्यांनी आंब्याच्या किंवा नारळाच्या विरळ सावलीत लावला तरी चालतो. त्याला दिवसभर कडक ऊन लागतंच असं नाही.

बियाणं म्हणजे बाजारातला कंदच. अर्धा ते एक किलोचा, अखंड, माथ्याचा डोळा शाबूत असलेला कंद निवडावा. मोठा कंद कापून लावायचा असेल तर उभ्या फोडी करून प्रत्येक फोडीत डोळ्याचा अंश येईल असं बघावं आणि कापलेली बाजू शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावी. दोन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत, निम्मी माती. डोळा वर ठेवून कंद चार बोटं मातीखाली जाईल असा बसवावा आणि वर पालापाचोळा पसरावा. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत पान वर येतं. लावलेला जुना कंद सुकत जातो आणि त्याच्या माथ्यावर नवा कंद भरत जातो, सुरणाची ही रीत वेगळी. बटाट्यासारखे अनेक कंद लागत नाहीत, एकच मोठा होतो. आठ-नऊ महिन्यांनी पान पिवळं पडून लोळलं की उकरावा. एका वर्षात अर्ध्या किलोचे दोन-तीन किलो होतात, खत चांगलं असेल तर त्याहून जास्त.

आणि न लावताच जो भिंतीपाशी फुलला आहे, त्याचं काय करावं? काहीही करू नये. दोन दिवस खिडक्या लावून घ्याव्यात. मुलांना जवळ न्यावं, हात लावून तोंडात घालू नका एवढं सांगावं आणि संध्याकाळी त्या गोळ्याजवळ हात धरून ऊब जाणवते का ते पाहायला सांगावं. वास गेला की मलूल झालेली घंटा तिथेच कुजू द्यावी. काही आठवड्यांत त्याच जागी नक्षीदार देठ वर येईल; त्याच्याभोवती चार विटा लावून ठेवाव्यात, म्हणजे गवत कापणाऱ्याच्या हातून तो कापला जाणार नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत माळ्याला ही सूचना अवश्य द्या: मेमध्ये जांभळा कोंब दिसला, तर फावडं घेण्याआधी विचारा.